मासोळ्यांच्या पेटीतले पाणी



कपाशीची बोंडअळी, तुरीचा मर रोग, संत्र्याचा बहार हे आपल्या सदराचे नेहमीचे विषय. आज मात्र काचेच्या पेटीतल्या मासोळ्यांविषयी लिहीत आहे. शेतीच्या पानावर हे शहरी खूळ कशाला, असे कुणी म्हणेल. पण हे खूळ आता शहरापुरते राहिलेले नाही. मुलगा अकोल्याला किंवा अमरावतीला शिकायला असतो. सुटीत घरी येताना दोन फुटांची पेटी आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार गोल्डफिश घेऊन येतो. सुटी संपली की तो निघून जातो, मासोळ्या मागे राहतात, आणि त्यांचे पाणी बदलण्याचे काम घरच्या बाईच्या गळ्यात पडते. तिने कुणाला विचारायचे? कृषी सहायकाला विचारावे तर तो हसेल अशी भीती. म्हणून हा लेख.

आमच्या जठारपेठेत शेजारच्या घरी अशी एक पेटी आहे. त्या घरच्या वहिनींनी एक दिवस मला अंगणातूनच हाक मारली. म्हणाल्या, "भाऊ, तुमी शेतीखात्यातले. ह्या मासोयाचं तुमाले काही समजते का? दर रविवारी मी पेटी निरम्यानं घासून लख्ख करते, सारं पानी नवं भरते, तरी बुधवारपर्यंत एखादी तरी मरून वर येतेच. नात दिवसभर जेवत नाही. अन् माही कंबर गेली ते येगळंच." घरातल्या पुरुष माणसाचे मत होते की पेटी भंगारवाल्याला देऊन टाकावी. नातीचे मत अर्थातच उलट होते.

मी प्रथम हिशेब केला. पेटी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. एका घनफुटात २८ लिटर पाणी मावते, म्हणजे पेटी ५६ लिटरची. तळची वाळू आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर ५० लिटर धरू. ५० लिटर बाहेर आणि ५० लिटर आत, म्हणजे दर रविवारी या माउलीने एक क्विंटल पाणी उचलले. कापसाचे बोचके उचलायला आपण दोन गडी लावतो. आणि एवढे करून मासोळी मरायची ती मरतेच, उलट या मेहनतीमुळेच मरते. हे ऐकून वहिनींना आधी राग आला, मग पटले. आपल्यालाही पटावे म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

मासोळी जे खाते त्यातल्या नत्राचा मोठा भाग ती कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यातच सोडते. उरलेले खाद्य कुजून त्यात भर घालते. नदीत किंवा तलावात ते वाहून जाते, पसरते. पेटीत जाणार कुठे? अमोनिया मासोळीला विषासारखा आहे. पाणी जितके गरम आणि त्याचा सामू जितका जास्त, तितका तो अधिक जहाल. आपल्याकडे उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, आणि विहिरी-बोअरच्या पाण्याचा सामूही बहुधा चढाच असतो.

पण वाळूत, गोट्यांवर, फिल्टरच्या स्पंजात सूक्ष्म जिवाणू आपोआप वस्ती करतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्राइटही घातक, परंतु नायट्रेट थोडे असले तर मासोळीला सहज सोसते. कपाशीला युरिया दिला की जमिनीत हेच घडते. हे जिवाणू नसते तर युरियाची पोती रिकामी करूनही पिकाच्या तोंडी पुरेसे नायट्रेट पडले नसते. पेटीत ही वस्ती नीट बसायला महिना-सव्वा महिना लागतो. ती बसत नाही तोच आपण रविवारी पेटी उलटी करतो, गोटे घासतो, स्पंज नळाखाली पिळतो, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणू मारून टाकतो. शेताची वरची सुपीक माती खरवडून फेकून द्यावी आणि पीक का जोर धरत नाही म्हणून कृषी अधिकाऱ्याला बोलवावे, तसा हा प्रकार आहे. सोमवारी-मंगळवारी अमोनिया वाढतो आणि बुधवारी मासोळी वर येते.

यात एक गंमत सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८५० साली त्यांनी काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवले की वनस्पती असली तर पाणी वारंवार न बदलताही मासोळी जगते. घरात मासोळ्या ठेवण्याचे शास्त्र तिथून सुरू झाले असे मानतात. त्यांच्या मुलाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. हा मुलगा पुढे रोथॅमस्टेडच्या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांचे जिवाणू वेगवेगळे असतात, हे उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता. ते जिवाणू वेगळे काढून दाखवण्याचे श्रेय विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला जाते, तेही १८९० च्या सुमारास. बापाने मासोळीची पेटी मांडली आणि पेटीत नत्राचे काय होते ते मुलाने शेताच्या मातीत शोधले. तेव्हा शेतीच्या पानावर मासोळ्या आल्या तर फार बिघडले असे नाही.

आता बाप वॉरिंग्टनचा पुरावा देऊन कुणी म्हणेल, मग पाणी बदलायलाच नको, आटेल तेवढे वरून घालत राहू. पुष्कळ घरी हेच चालते. वऱ्हाडात मात्र ते चालणार नाही, आणि का चालणार नाही हे खारपाण पट्ट्यातल्या माणसाला कुणी शिकवण्याची गरज नाही.

पाणी उडून जाते, त्यातले क्षार उडत नाहीत. आपल्या घरच्या कुलरकडे पाहा. एप्रिलमध्ये नवी कोरी बसवलेली गवताची जाळी जूनपर्यंत पांढरी कडक होते. तो पांढरा थर म्हणजे पाणी उडाल्यावर मागे राहिलेले क्षार. मासोळीच्या पेटीतही तेच होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. काचेच्या वरच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर तेवढीच खूण.

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. वर पंखा फिरत असला तर दोन फुटांच्या उघड्या पेटीतून रोज लिटरभर पाणी सहज उडते. आपण रोज लिटरभर वरून घालतो. ५० दिवसांत ५० लिटर घातले, म्हणजे पेटीभर पाण्याचे क्षार जास्तीचे आले. आता पेटीतले क्षार दुप्पट. १०० दिवसांत तिप्पट. पातळी तीच, पाणी काचेसारखे स्वच्छ, आणि मासोळी सुस्त का पडली ते कळत नाही. निचरा नसलेल्या शेताला बारा महिने विहिरीचे पाणी देत राहिले तर जमिनीचे जे होते तेच हे.

आता पहा, दर आठवड्याला १४ लिटर जुने पाणी बाहेर काढले आणि १४ लिटर नवे घातले तर काय होईल? आठवड्यात ७ लिटर उडाल्याबद्दल घातले आणि १४ लिटर बदलाचे, असे एकूण २१ लिटर पाण्याचे क्षार आत येतात. बाहेर जाणारे पाणी १४ लिटरच, पण ते अधिक खारट असते. क्षार वाढत वाढत दीडपटीला पोचले की जेवढे आत येतात तेवढेच बाहेर जाऊ लागतात आणि वाढ तिथेच थांबते. कृषी महाविद्यालयात आम्हाला क्षारयुक्त जमिनीच्या धड्यात शिकवत की पिकाला लागते त्याहून थोडे जास्त पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली उतरवावेत आणि ते चराने बाहेर काढावेत. मासोळीच्या पेटीतले आठवड्याचे पाणी हा तोच चर आहे. नायट्रेटचेही तसेच. ते साधारण साडेतीन-चार आठवड्यांच्या साठ्यावर येऊन थांबते, त्यापुढे वाढत नाही.

म्हणजे आठवड्याला एक बादली. पेटी हलवायची नाही, मासोळी पकडायची नाही, गोटे घासायचे नाहीत. एक बादली बाहेर, एक बादली आत. आता ही एक बादलीही न उचलता कशी बदलावी ते सांगतो.

ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढताना आपण नळी लावतो. पाटाचे पाणी बांधावरून सरीत घ्यायला वाकड्या नळ्या वापरतात. शाळेच्या पुस्तकात तिला वक्रनलिका म्हणत, आपण सायफन म्हणतो. पेटी स्टुलावर किंवा टेबलावर असतेच. तेव्हा पेटीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा बादली खाली ठेवली की काम झाले. नळी बोटाएवढ्या जाडीची, पारदर्शक, दीड-दोन मीटर लांब घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ठिबकची १६ मिलिमीटरची नवी नळी घरात उरली असेल तर तीही चालते, फक्त ती ताठ असल्याने वळवायला जरा त्रास देते.

नळीत तोंडाने पाणी ओढू नये. पेटीतले पाणी पोटात जाते हे एक. दुसरे असे की एकदा तोंडाने ओढायची सवय लागली की हात कुठल्याही नळीला जातो, आणि शेतकऱ्याच्या घरात कुठली नळी कशासाठी वापरली होती याचा भरवसा नसतो. तोंडाने ओढण्याची गरजही नाही. सगळी नळी पाण्याच्या बादलीत बुडवावी, हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यावेत, दोन्ही टोके अंगठ्याने दाबून धरावीत. एक टोक पेटीच्या पाण्याखाली नेऊन सोडावे, दुसरे खालच्या बादलीवर नेऊन सोडावे. पाणी आपोआप वाहू लागते आणि पाच मिनिटांच्या आत बादली भरते. न्हाणीघर जवळ असेल तर नळी लांब घेऊन थेट तिथे सोडावी, मग बादलीही नको.

फवारणीच्या पंपाची नळी, औषध मोजायचे माप, औषध कालवलेली बादली या कामाला कधीही वापरू नये, कितीही धुतली असली तरी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले हे आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसाची ही गत, तर मासोळीला त्या औषधाचा अंशही पुरतो. पेटीसाठी एक नळी आणि दोन बादल्या वेगळ्या ठेवाव्यात, त्यावर रंगाने खूण करावी, आणि त्यांत साबण-निरमा घालू नये. घरात डासांचे औषध फवारायचे असेल तर पेटी झाकावी आणि तेवढा वेळ हवेचा पंप बंद ठेवावा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

किती पाणी काढले ते कळावे म्हणून वहिनींनी स्वतः एक युक्ती काढली. पेटी भरलेली असताना पाण्याच्या पातळीला काचेवर बाहेरून एक टिकली चिकटवली, आणि तिच्याखाली तीन इंचांवर दुसरी. दोन फूट बाय एक फूट पेटीत तीन इंच पाणी म्हणजे बरोबर १४ लिटर. मी त्यात एवढीच भर घातली की नळीचे आतले टोक दुसऱ्या टिकलीच्या पातळीला चिमट्याने अडकवून ठेवावे. पाणी तिथवर उतरले की नळीत हवा शिरते आणि प्रवाह आपोआप तुटतो. मधेच दूधवाला आला, फोन वाजला, तरी पेटी रिकामी होत नाही.

महिन्यातून दोनदा मात्र हे टोक तळाशी न्यावे. पाण्याची लिटरभराची प्लास्टिकची बाटली मधोमध कापून तिचा वरचा भाग घ्यावा. तिचे निमुळते तोंड नळीला घट्ट बसवावे आणि रुंद बाजू वाळूत खुपसावी. बाटलीत वाळूचे खडे वर उसळून पुन्हा खाली पडतात, हलकी घाण तेवढी नळीतून निघून जाते. धान्य उफणताना जसे भूस उडते आणि दाणा खाली पडतो, तसेच. एका वेळी अर्धाच तळ साफ करावा, उरलेला पुढच्या खेपेला, म्हणजे जिवाणूंची वस्ती शाबूत राहते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळून परत बसवावा. तो पांढराशुभ्र होण्याची वाट पाहू नये. स्पंज तपकिरी असला म्हणजे तो कामाचा आहे असे समजावे.

पाणी काढणे सोपे, भरणेच जड. बादली खांद्याच्या उंचीला उचलून ओतली की कंबर तर जातेच, शिवाय वाळू उसळते आणि मासोळ्या भेदरतात. यासाठीही उताराचाच उपयोग करावा. पेटीच्या वर फळी किंवा माळा असेल तर तिथे २० लिटरचा तोटीचा कॅन रिकामाच ठेवावा आणि तांब्या-तांब्याने भरावा. तांब्या कुणालाही उचलतो, नातीलाही. तोटीला नळी लावून पेटीत सोडावी. पाणी हळू जावे म्हणून ठिबकची बारीक मायक्रोट्यूब किंवा औषधाच्या दुकानातून आणलेली नवी सलाईनची नळी उत्तम. तिच्यावरचे चाक फिरवून धार कमी-जास्त करता येते. सलाईनच्या नळीने बादलीभर पाणी जायला दोन-चार तास लागतात, पण त्यात आपला वेळ जात नाही, आणि नव्या पाण्याची मासोळीला हळूहळू सवय होते. कॅनमध्ये काढले तेवढेच पाणी असल्याने पेटी भरून सांडण्याचीही भीती नाही.

फळी नसेल तर कुलरचा छोटा पंप वापरता येतो. बादलीत तो बुडवून नळी पेटीत सोडली की पाच-सहा फूट उंचीवर पाणी चढते. पंप मात्र नवा घ्यावा, कुलरमधला गंजका उचलून आणू नये. आणि बंधूंनो, पंप चालू असताना बादलीत किंवा पेटीत हात घालू नये. दर उन्हाळ्यात ओल्या हाताने कुलरला हात लावून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. पेटीला हात लावण्यापूर्वी दिवा, पंप, फिल्टर सगळ्यांच्या पिना काढाव्यात, नुसते बटण बंद करून भागत नाही.

विजेचा विषय निघालाच म्हणून सायफनचे एक उलटे उदाहरण सांगतो. हवेचा पंप पेटीपेक्षा खाली, स्टुलाच्या कप्प्यात ठेवायची पुष्कळांना सवय असते. रात्री भारनियमनात लाइन गेली की पंप थांबतो आणि हवेच्या बारीक नळीतून पेटीतले पाणी सायफनने उलटे खाली येऊ लागते. सकाळी पंप जळालेला, फरशीवर पाणी आणि पेटी अर्धी. पंप पेटीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर खिळ्याला टांगावा, की हा प्रश्न मिटला.

आता नवे पाणी कोणते घ्यावे? अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, आणि ते रोज येत नाही. ज्या दिवशी नळ येतो त्याच दिवशी ताजे पाणी पेटीत घालू नये. त्यात क्लोरीन असतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचेही तेच. उघड्या तोंडाच्या बादलीत दिवसभर ठेवले की क्लोरीन बहुतांशी उडून जातो. बादलीवर पातळ फडके बांधावे, म्हणजे हवा लागते आणि डास अंडी घालत नाहीत. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यावरच येतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला फोटोवाले हायपो म्हणत, ते १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम या बेताने विरघळवून घालावे. बादलीला दोन-चार बारीक खडे पुरतात. मासोळ्यांच्या दुकानात क्लोरीन मारण्याच्या औषधाची बाटली मिळते, पुष्कळदा तिच्यातही मुख्यतः हेच असते.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते. ते पेटीत गेले तर मासोळी तिथल्या तिथे उलटते. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. बादली पेटीशेजारीच रात्रभर ठेवावी, म्हणजे सकाळी दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. एक हात बादलीत, एक पेटीत घालून पाहावा. फरक कळला नाही तर पाणी घालायला हरकत नाही. थंडीतही असेच करावे.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या खारपाण गावांतल्या वाचकांनी बोअरचे पाणी पेटीत घालण्यापूर्वी बाटलीभर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नळयोजनेचे गोडे पाणी येत असेल तर तेच मासोळीसाठी राखावे. आठवड्याला एकच बादली लागते, तेवढे कुणी नाही म्हणत नाही. गोडे पाणी मिळतच नसेल तर गोल्डफिश आणि एंजलचा नाद सोडून गप्पी आणि मॉली पाळाव्यात. या दोन्ही जाती कठीण व किंचित खारट पाणी चांगले सोसतात. गप्पी तर आपल्याला नवी नाही. डासांच्या अळ्या खाते म्हणून आरोग्य खाते ती गावोगावच्या डबक्यांत आणि हौदांत सोडत आले आहे. तांब्यात मावतील एवढ्या गप्पी मासोळ्या गावातच कुणाकडे तरी मिळतील, दुकानात पैसे मोजायला नकोत.

सहा-सहा महिने पाणीच बदललेले नाही अशी पेटी असेल तर हा लेख वाचून लगेच बादलीभर पाणी काढायला घेऊ नये. मासोळीला त्या खारट पाण्याची सवय झालेली असते, एकदम गोडे पाणी तिला मानवत नाही. प्रथम एक दिवसाआड तीन-चार लिटर बदलावे. तीन आठवडे असे केले की मग आठवड्याच्या बादलीवर यावे. एखादी मासोळी या काळात सुस्त दिसली तर खाद्य कमी करावे. तसेही आपल्याकडे मासोळ्या उपासाने मरत नाहीत, लाडाने मरतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे, आणि पाहुण्यांच्या मुलांच्या हातात डबी देऊ नये.

काढलेले पाणी मोरीत ओतू नका. पाण्याची टंचाई असलेल्या घरात हे पाप आहे असे मी म्हणेन. शिवाय त्यात नायट्रेट असते, म्हणजे पातळ केलेले खतच. वांगी, मिरची, कढीपत्ता, तुळस यांना एकेक तांब्या द्यावे. रोज त्याच कुंडीला देऊ नये, आणि पेटीत खारपाण बोअरचे पाणी वापरत असाल तर झाडांना अजिबात देऊ नये, कुंडीची माती चोपण होईल. ते अंगणात शिंपडावे.

पाणी ओतण्यापूर्वी मात्र बादलीत डोकावून पाहावे. गप्पीची पिले तांदळाच्या कणीएवढी असतात आणि नळीतून बादलीत येतात. नळीच्या आतल्या टोकाला साडीच्या फडक्याचा तुकडा रबराने बांधला तर येत नाहीत. तरीही आली तर गाळून परत पेटीत सोडावीत. फार झाली तर शेजाऱ्याला द्यावीत. पेटीतली नकोशी झालेली मासोळी, विशेषतः काच चाटणारी सकर, नदीत, धरणात किंवा शेततळ्यात कधी सोडू नये. ती तिथे जगली तर भरमसाट वाढते आणि मासेमारांच्या जाळ्यांची व शेततळ्यातल्या रोहू-कटल्याची वाट लावते. सकर कुणी घेत नसेल तर ज्या दुकानातून आणली त्यालाच परत द्यावी. दुकानदार पैसे परत देत नाही, पण मासोळी बहुधा ठेवून घेतो.